मोहफुलाच्या टोपल्यात हाँगकाँगचा माल

घरात सुक्या मासोळीचा धंदा असला का मानसाचं नाक मरते. मी मूल गावचा बाजार करतो, गोंडपिपरीचा करतो, मधात एखादा जंगलातला बारका बाजार भेटला तर तोही सोडत नाई. झिंगे, बोंबील, सुकट. मासोळीच्या बोरीवर बसतो, बोरीवरच जेवतो. आमच्या घरी देवापुढच्या उदबत्तीले बी झिंग्याचा वास येते. पाव्हने आले का दारातच थांबते आन म्हनते, "बाहेरच बसतो भाऊ, हवा मस्त हाये." आता मे महिन्यात आमच्या इकडं दुपारी कोनती हवा मस्त असते, तुमीच सांगा. हे काऊन सांगून राह्यलो, तर पुढं जे झालं त्याच्यात माह्या नाकाचा मोठा हात हाये.

माह्या बायकोचा लहान भाऊ पिकअप चालवते. गाडी त्याची नाई, आंध्राकडच्या समुद्राकाठच्या एका सेठची. इकडून मोहफुलं भरून नेते, तिकडून सुकी मासोळी भरून आनते. येता येता माह्या वाट्याच्या बोऱ्या माह्या अंगनात टाकते, बाकीच्या चंद्रपूरले नेते. मोठा कामाचा पोरगा. शिकलेला बी हाये, पाट्या वाचते. मी शाळेत गेलतो, पन शाळेनंच मले ओळखलं नाई.

त्या खेपेले बोऱ्यायसंग एक पेटी उतरली. पांढरी, जाड पुठ्ठ्याची, चारही बाजूनं चिकटपट्टी मारलेली. वरतं काई लिवलं होतं, पन मले लिवलेलं म्हनजे मुंग्यायची रांग दिसते. साळा घाईत होता, पानी पेला आन गाडी घेऊन गेला. मी पेटीकडं पाह्यलं आन मले एकच गोष्ट सुचली. आमची कोंबडी अंड्यावर बसाले जागा पाहून राह्यली होती. चुलीमागं बसली का मुंगूस येते. अशी मजबूत पेटी असली तर कोंबडी राजावानी बसन.

फोडली पेटी. आत प्लास्टिकची पन्नी होती, पन्नीत पिवळ्या-तांबूस गोट्या. वाळलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या, उभ्या चिरा पडलेल्या. मी म्हनलं, ही तं मोहफुलं. नेतानी गाडीत राह्यली असन, साळ्यानं बांधून वापस आनली. हातात घेतली तं कडक लागली. म्हनलं समुद्राच्या हवेनं कडक झाली. समुद्र मी कधी पाह्यला नाई, पन त्याच्याबद्दल मले सगळं मालूम हाये. वास घेतला. वास झिंग्याचा आला. पन माह्या नाकाले गुलाबाचा वास देला तरी झिंग्याचाच येते, म्हनून त्याच्याकडं मी ध्यान देलं नाई.

बायकोनं त्या हंगामात भल्या पहाटे जंगलात जाऊन वेचलेली मोहफुलं कोपऱ्यातल्या मोठ्या टोपल्यात होती. मी पन्नी त्याच्यात उलटी केली, वरतून हातानं बरोबर मिसळवली बी. काम कराचं तं नीट कराचं. पेटीत धानाचं तनस टाकलं, कोंबडी बसवली. कोंबडीनं मान वाकडी करून माह्याकडं पाह्यलं. घरात अक्कल असलेली तेच एक होती, पन तिले बोलता येत नव्हतं.

काई दिवसानं फोन आला तवा मी अंगनात झिंगे चाळून राह्यलो होतो.

"भाऊजी, तुमच्याकडं एक पेटी उतरली का?" साळ्याचा आवाज बसल्यावानी येऊन राह्यला होता.

आता पाहा, मानूस सरळ असते तं म्हनते, हो, उतरली. मले कोनी आवाज बारीक करून काई इचारलं का माह्या तोंडातून आधी खोटंच निघते. भेवानं.

"कोनती पेटी?" मी म्हनलं.

तिकडं मागून कोनीतरी तेलुगूत ओरडलं. मंग साळा म्हने, "पांढरी पेटी, भाऊजी. नमुन्याची. सेठच्या हापिसात द्याची होती, ते चुकून तुमच्याकडच्या बोऱ्यात आली असन. फोन स्पीकरवर हाये, सांभाळून बोला. सेठ म्हनते, मी विकून खाल्ली. गाडीची किल्ली काढून घेतली, लायसन काढून घेतलं, मले गोदामात बसवून ठेवलं हाये. पेटी आली नाई तं पोलिसात देतो म्हनते."

"होतं काय त्याच्यात?" मी इचारलं.

मंग त्यानं सांगतलं. जपानकडं थंडा समुद्र हाये, त्याच्यात वीतभर रुंद शिंपल्या राह्यते. त्या शिंपलीच्या पोटात मासाची एक गोल गोटी असते. ते काढते, मिठाच्या पान्यात उकडते, वाळवते. ते हाँगकाँगले जाते, तिथले लोक तिचा रस्सा करते, लग्नात आहेर देते. सेठ मधातला दलाल बनू पाहून राह्यला होता. हाँगकाँगची पार्टी मोठा माल पाहाले येनार होती, आन माल या नमुन्यासंग जुळवून पाहानार होती. नमुना नाई तं सौदा नाई.

"गोट्या पिवळ्या राह्यते का?" मी इचारलं.

"तुमाले कसं मालूम?"

मी फोन ठेवून देला. हे मी करतो नेहमी. भेव लागलं का फोन ठेवतो, जशी काई आफत फोनमधीच राह्यते.

बायको पानी घेऊन आली तं मी कोंबडीकडं पाहून राह्यलो होतो. ते म्हने, "काऊन घाम आला एवढा?" मी सगळं सांगतलं. माह्या बायकोचा राग मी बहुत पाह्यला हाये, पन ते हळू बोलल्याची मले सवय नाई. मंग हळूच म्हनली, "माह्या भावाले चोर केलं तुमी. कोंबडीसाठी." आन उठून अंगनात ताडपत्री आंथरली.

टोपलं पालथं झालं. मोहफुलायचा एवढा ढीग, आन त्याच्यात कुठी कुठी हाँगकाँग. डोळ्यानं पाह्यलं तं सगळं सारखंच. शेजारच्या बाया जमल्या, सूप घेऊन बसल्या. वासाचा काई उपयोग नव्हता, आमच्या गल्लीत वास हे गोष्टच राह्यली नाई. पन बायायच्या बोटाले मोहफूल मालूम हाये. दाबलं का मऊ लागते ते इकडं, नाई दबत ते तिकडं. मी बी बसलो. भेवानं मी एवढ्या जोरानं दाबलं का पयलीच गोटी माह्या बोटात तुटली, तिचे धागे धागे झाले. तेवढ्यात साळ्याचा फोन आला. बायकोनं उचलला. तो म्हने, अख्ख्याच पायजे, तुटली का चुरा, चुऱ्याले कोनी इचारत नाई.

बायको मले म्हनली, "उठा. तिकडं जाऊन बसा. काईलेच हात लावू नका. ताडपत्रीले बी नाई."

मी कोंबडीजवळ जाऊन बसलो. एक बाई म्हने, "भाऊले बी अंड्यावर बसवा, तेवढं तरी होईन त्यायच्यानं." सगळ्या हासल्या, माही बायको हासली नाई. मी बी हासलो, पन डोळे मिटले का साळा दिसे. गोदामात बोरीवर बसलेला, आजूबाजूनं तेलुगू बोलनारे लोक. त्याले तेलुगू येते. ते लोक त्याले काय बोलत असन ते त्याले सगळं समजत असन, हे जास्त वाईट होतं.

पन्नी भरत आली, पन पुरी भरली नाई. बायकोनं कपाळाले हात लावला. "अवो, पलीकडच्या बाईनं टोपलीभर मोहफुलं नेली ना. बैलासाठी म्हने."

आता त्या म्हाताऱ्या बाईचे बैल कवाच मेले. पन आमच्या गडचिरोलीत दारूबंदी हाये, म्हनून आमच्याकडं मोहफुलं सगळे बैलासाठीच नेते. ज्याच्याकडं बैल नाई तो जरा जास्तच नेते.

मी तिच्या दारात गेलो तं ते काठी घेऊन उंबऱ्यावर बसली होती.

"ये बाबू," ते म्हनली. "तुहीच वाट पाहून राह्यली होती. मोहात मास निघते का रे?"

तिनं मले आत नेलं, मडक्यावरचं झाकन काढलं. मोहफुलं फुगली होती आन त्याच्यात पांढुरके धागे तरंगून राह्यले होते, मासाचेच. "माह्यावर कोनी करनी केली," ते म्हनली. आवाज रागाचा होता, पन मडक्यापासून ते दोन पावलं मागं सरकली. आमच्याकडं हे गोष्ट हासाची नाई. करनीचं नाव एकदा गावात फिरलं का कोनाच्या दारात जाऊन थांबन, सांगता येत नाई. अशा नावानं गाव सोडून गेलेले लोक मी पाह्यले हाये. मी दोन्ही हात जोडले.

"करनी नाई बाई. माही भैताडगिरी हाये, येडेपना. ते समुद्राचं मास हाये. चांगलं हाये, मोठे लोक खाते."

"मंग खाऊन दाखव."

"मी?"

"मंग का मी खाऊ? तुवंच देलं ना?"

तिनं मडक्यात हात घातला आन एक फुगलेली गोटी काढून माह्या तळहातावर ठेवली. मोहफुलाचं आंबट पानी गळत होतं. मी तिच्याकडं पाह्यलं, तिनं काठीकडं पाह्यलं. मी डोळे मिटून तोंडात टाकली. गोड, खारट, वरतून मोहफुलाचा झटका. चव वाईट नव्हती, पन भेवानं चावता चावता माहे दातच वाजून राह्यले होते.

बाई बसून राह्यली. माह्या तोंडाकडं पाहे, डोळ्याकडं पाहे. बराच वेळ गेला.

"मेला नाई," ते म्हनली. "अजून एक खा."

दुसरी खाल्ल्यावर तिले बरं वाटलं. टोपलीत राह्यलेली कोरडी मोहफुलं तिनं माह्या दुपट्ट्यात टाकून देली, त्याच्यातल्या गोट्या घरी बायकोनं वेचल्या. फुगलेल्या गोट्या मी स्टीलच्या डब्यात भरून घेतल्या, पान्यासकट. कोनी म्हनलं कमी हाये तं दाखवाले. बाई दारातून ओरडली, "आन कोनी इचारलं तं सांग, बैलासाठी भिजवलं होतं!"

कोंबडीले उठवून पेटी रिकामी केली, पुसली, पन्नी आत ठेवली. कोंबडीनं हातावर चोच मारली. बरोबर केलं.

साळ्यानं सांगतलं होतं का चंद्रपूरले सेठचा एक मानूस हाये, त्याच्याकडं द्या. मी एसटीत बसलो. मांडीवर पेटी, पेटीवर डबा. बाजूचा मानूस उठून मागं गेला, त्याच्या मागचा अजून मागं गेला. मी एकटाच मस्त ऐसपैस बसलो. वैनगंगेच्या पुलाजवळ पोलीस उभे होते. ते येनाऱ्या गाड्यायमधी दारू शोधून राह्यले होते, आमी जानारे होतो, आमच्याकडं कोनी पाह्यलं बी नाई. तरी मी शीटवर बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले. डबा पडता पडता वाचला. कंडक्टर म्हने, "काऊन बे, काय झालं?" मी म्हनलं, "अंग मोकळं करून राह्यलो साहेब."

रस्त्यानं मी एक खोटं तयार केलं. एसटीत बाजूच्या बाईची मोहफुलाची थैली पेटीत सांडली, असं. चांगलं होतं. मूल गाव येईपर्यंत पाठ झालं.

सेठचा मानूस सिरोंच्याकडचा होता. गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसलेला, भला मोठा, मराठी आन तेलुगू दोन्ही बोलनारा. त्यानं पेटी उघडली, एक गोटी घेतली, उजेडात धरली. मंग नाकाजवळ नेली. त्याचं नाक जिवंत होतं. त्याचं तोंड पाहून मी तिथंच बोरीवर बसलो.

"याले मोहाचा वास काऊन येऊन राह्यला?" तो म्हने. "हा माल काचेच्या बरनीत ठेवते तिकडं. बाजूले जे ठेवन त्याचा वास पेते हा. हा आता नमुना नाई राह्यला, समजलं का? हे कोनाले दाखवता येत नाई."

"मंग माहा साळा?"

त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला, तेलुगूत काई बोल्ला आन फोन माह्यासमोर धरला. "सेठ ऐकून राह्यला. तुहा साळा बी तिथंच हाये. काय झालं ते सांग. मी तेलुगूत सांगतो. खोटं बोल्ला तं त्याले समजते."

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं खोटं आठवाले गेलो तं काई आठवेना. थैली होती का बाई होती, एसटी होती का रेल्वे, सगळं उडून गेलं. भेवात जे तोंडाले आलं ते बोल्लो. आन ते खरं होतं.

मी म्हनलं, मले कोंबडीसाठी पेटी पायजे होती. त्यानं तेलुगूत सांगतलं. तिकडं सामसूम. मी म्हनलं, मले वाटलं मोहफुलं हाये. त्यानं सांगतलं. सामसूम. मी म्हनलं, कडक लागली, पन मले वाटलं समुद्राच्या हवेनं झाली. त्यानं सांगतलं, आन तिकडं कोनीतरी हासलं. एकच जन. मले समजेना का हे हासनं चांगलं का वाईट. तेलुगूत रागानं बी हासत असन तं? मी थांबलो. तो म्हने, "थांबू नको, बोल."

मी कोंबडी सांगतली, मुंगूस सांगतलं. बायकोनं ताडपत्रीवरून हाकलून कोंबडीजवळ बसवलं ते सांगतलं. तो सांगे, मंग तिकडून हासन्याचा आवाज येई. नेहमी एक वाक्य मागं. मी भेवाचं बोलत राहो आन ते मागच्या भेवावर हासत राहे. म्हातारीचं मडकं सांगतलं, "मेला नाई, अजून एक खा" सांगतलं. त्या मोठ्या मानसालेच पयले हासू फुटलं, त्याच्यानं तेलुगूत सांगनं होईना. मी डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला. तो खुर्चीवरून उठून बाहेर गेला, डोळे पुसत वापस आला.

मंग सेठ बोल्ला. तो हासत नव्हता. लंबा बोल्ला, हळू बोल्ला. हा मानूस "अं, अं" करत ऐकत राह्यला. मी डब्याचं झाकन लावत होतो, लागेना. मले वाटलं, पोलीस.

त्यानं माह्याकडं पाह्यलं. "सेठ म्हनते, चोर असता तं कवाचा विकून मोकळा झाला असता. मालाले मोहात मुरवून, मडक्यात भिजवून, डब्यात भरून वापस आनून देनारा चोर त्यानं पाह्यला नाई. हे चोराचं काम नाई म्हनते, भैताडाचं हाये."

"भैताडाचंच हाये जी!" मी फोनमधी ओरडलो. "पक्क्या भैताडाचं! माह्या साळ्याचा काईच हात नाई, इचारा कोनाले बी आमच्याकडं!"

सेठ अजून काई बोल्ला. हा मानूस म्हने, "आता गोदामातल्या बाकीच्या लोकायले बोलावून राह्यला. पुन्हा सांग म्हनते, पयल्यापासून."

सच सांगतो, मले पयल्यापेक्षा जास्त भेव तवा लागलं. पयल्यांदा तं निघून गेलं तोंडातून. आता सांगाचं होतं आन ते हासले पायजे होते. नाई हासले तं सेठले वाटन, अरे, ह्याच्यात तं काई नाई, हा खोटा हाये. बाजारात झिंगे विकता विकता मी दिवसभर स्वतःले शिव्या देऊन बायायले हासवतो, पन तिथं कोनी गोदामात बसलेलं नसते. मी कोंबडीपासून सुरू केलं. आवाज कापे, तं कापू देला. म्हातारीच्या काठीपाशी आलो तवा तिकडं लय लोक हासून राह्यले होते, आन त्या हासन्यात एक आवाज साळ्याचा होता. तो ओळखला मी. मंग माह्याच्यानं पुढं बोलनं झालं नाई. त्या मोठ्या मानसानं बाकीचं स्वतःच सांगून टाकलं, चुकीचं सांगतलं असन, कोंबडा म्हनला असन, मी काई बोल्लो नाई.

सेठनं किल्ली आन लायसन वापस देलं. पार्टीले काय सांगतलं, नवा नमुना आनला का नाई, मले मालूम नाई. इचाराची हिंमत झाली नाई.

साळा आला तवा मी गाडीचा आवाज ऐकून गोठ्यामागं गेलो. बायको धावत अंगनात आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आन रडली. तो वाळला होता. त्यानं हात-पाय धुतले आन इकडं तिकडं पाह्यलं.

"भाऊजी, निघा बाहेर."

"मारशीन का?" मी गोठ्यामागूनच इचारलं.

"जेवल्यावर पाहू."

मी बाहेर आलो. बायकोनं ताट केलं, मी वाढाले बसलो. तो मान खाली घालून जेवत होता. अर्ध्यात थांबला आन ताटाकडंच पाहून म्हनला, "तुमी 'कोनती पेटी' म्हनलं ना भाऊजी, तवा सेठनं माह्याकडं पाह्यलं. तवा मले वाटलं, आता संपलो मी."

मी त्याच्या ताटात भात वाढला. त्यानं तो खाल्ला, मी आनखी वाढला. "बस," तो म्हने, "पोट भरलं." मी म्हनलं, "थोडासा अजून." गंजातला भात संपत आला होता. मी बायकोले हळूच म्हनलं, अजून तांदूळ टाक.